साम्यवाद शिकवायचा तर सहा तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत मुलांना साम्यवाद शिकवावा की नाही, यावर आपल्या सदरात दोन्हीकडून पत्रे येत आहेत. एका गटाला कोवळ्या वयात 'लाल विचार' नको आहेत. दुसऱ्या गटाला कष्टकऱ्यांच्या पोरांना त्यांचा वारसा कळायला हवा आहे. विषय पुस्तकात आहेच, त्यामुळे नको म्हणून तो जाणार नाही आणि हवा म्हणून तो आपोआप कळणारही नाही. तो किती तासांत, कोणत्या क्रमाने आणि फळ्यावर कोणते आकडे मांडून घ्यायचा, यावर मात्र कुणी लिहीत नाही. आम्ही तेवढ्यापुरतेच लिहितो.

कर्नाटकाची पाठ्यपुस्तके मराठीतही निघतात. निपाणी, चिक्कोडी, खानापूर, बेळगाव, भालकीची मराठी माध्यमाची मुले तीच वाचतात. दहावीच्या समाजविज्ञानात रशियन क्रांती महायुद्धांच्या पाठाच्या पोटात येते. झार गेला, लेनिन आला, कामगारांचे राज्य झाले, की लगेच मुसोलिनी आणि हिटलर. सीबीएसईच्या शाळेत जाणाऱ्या शेजारच्या पोराला नववीतच यावर अख्खे प्रकरण आहे. मराठी माध्यमातल्या मुलाच्या हाती चार नावे आणि दोन सनावळ्या लागतात, बाकीचे तो मोबाइलवरून भरून काढतो.

मोबाइलवरून काय येते ते पाहा. एका प्राध्यापकाने वर्गातल्या सगळ्यांचे गुण एकत्र करून सरासरी वाटली, हुशार मुलांनी अभ्यास सोडला आणि शेवटी सगळे नापास झाले, म्हणून साम्यवाद फसला, अशी एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. काही शिक्षकही ती वर्गात सांगतात. तिच्यात खोट अशी की जिच्यावर ती टीका करते ती व्यवस्था कुठे अस्तित्वातच आली नव्हती. १८७५ मध्ये जर्मन कामगार पक्षाच्या कार्यक्रमावर लिहिलेल्या टिपणात मार्क्सने स्पष्ट म्हटले आहे की सुरुवातीच्या टप्प्यात ज्याने जितके काम केले तितकाच मोबदला त्याला मिळेल. गरजेनुसार मोबदला ही फार पुढची गोष्ट, उत्पादन मुबलक झाल्यावरची. सोव्हिएत कारखान्यांत नगावर मजुरी सर्रास होती आणि १९३१ मध्ये स्टालिनने पगार सारखे करण्याच्या प्रवृत्तीवर जाहीर भाषणात झोड उठवली होती. सोव्हिएत व्यवस्था फसली ती वेगळ्या कारणांनी, आणि ती कारणे या गोष्टीत कुठेच नाहीत. दुसऱ्या बाजूचे शिक्षक 'डबा वाटून खाणे म्हणजे साम्यवाद' असे सांगतात. तेही तितकेच चूक. डबा वाटून खाणे हा चांगुलपणा झाला. साम्यवादाचा प्रश्न कारखाना, जमीन आणि यंत्रे कुणाच्या मालकीची, हा आहे.

म्हणून चाळीस मिनिटांचे सहा तास, आणि पहिला तास पूर्ण हिशेबाचा. नेत्यांची चित्रे त्या दिवशी लावू नयेत.

निपाणीकडच्या वर्गात हिशेब विडीचा घ्यावा. कट्ट्यात पंचवीस विड्या, म्हणजे हजार विड्यांचे चाळीस कट्टे. कट्टा वीस रुपयांना विकला तर हजारीचे आठशे रुपये आले. पान, जर्दा, दोरा, वेष्टन आणि गाडीभाडे मिळून अडीचशे. वळणाऱ्या बाईची मजुरी अडीचशे. कर आणि दुकानदाराचे कमिशन दोनशे. कारखानदाराकडे उरले शंभर. हे आकडे सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत, बाजारभाव नव्हेत, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी वडील शाळेत येतात.

आता मुलांना विचारावे, मार्क्सच्या मते इथे वरकड मूल्य, म्हणजे श्रमाने निर्माण केलेल्या मूल्यातून मजुरी देऊन उरलेला भाग, किती? बहुतेक गाइडांत कारखानदाराचा नफा, म्हणजे शंभर, असे उत्तर असते. ते चूक आहे. मार्क्सच्या मांडणीत पान आणि जर्दा आपली किंमत विडीत जशीच्या तशी उतरवतात, नवीन मूल्य फक्त श्रम निर्माण करतात. आठशेतून मालाचे अडीचशे वजा केले की नवीन मूल्य साडेपाचशे. त्यातून बाईला मिळाले अडीचशे. उरलेले तीनशे हे वरकड मूल्य. त्यातूनच सरकारचा कर जातो, दुकानदाराचे कमिशन जाते, कर्ज असेल तर बँकेचे व्याज जाते आणि शेवटी कारखानदाराचा नफा उरतो. आठ तासांच्या दिवसात ५५० पैकी २५० या प्रमाणात बाईचे साधारण तीन तास अडतीस मिनिटे स्वतःच्या मजुरीसाठी गेली आणि उरलेला वेळ इतरांसाठी. दहावीच्या मुलांना हे प्रमाण काढता येते. गणिताच्या तासाला कंटाळणारी पोरेही इथे वही उघडतात.

हिशेब इथे सोडला तर तो प्रचार होतो. पुढची पंधरा मिनिटे हरकतींना द्यावीत, आणि हरकती मुलांकडूनच येतात. पहिली ठरलेली: पैसा कारखानदाराने घातला, माल खपला नाही तर बुडणार तोच, मग शंभर त्याचे का नाहीत? दुसरी जास्त मजेची: एक बाई दिवसात हजार वळते, दुसरी पाचशे, मग दुसरीच्या विडीत दुप्पट श्रम म्हणून तिची विडी दुप्पट महाग का नाही? याला मार्क्सचे उत्तर आहे, आणि ते शिक्षकाला माहीत हवे. मूल्य ठरते ते त्या काळच्या सरासरी कसबाने आणि साधनांनी लागणाऱ्या श्रमावरून, एकट्यादुकट्या बाईच्या वेळेवरून नव्हे. तिसरी हरकत छाटाची. वळलेली विडी छाट म्हणून बाजूला काढली, तिच्यात श्रम गेलेच की, मग तिला किंमत का नाही? इथेही उत्तर आहे: जी वस्तू कुणाच्या उपयोगाची नाही तिच्यातले श्रम मूल्य म्हणून मोजले जात नाहीत. पण हेच उत्तर पुढचा प्रश्न उभा करते. गिऱ्हाइकाला वस्तू हवी की नको यावर एवढे अवलंबून असेल, तर किंमत श्रम ठरवतात की गिऱ्हाईक? १८७० नंतरच्या अर्थशास्त्राने गिऱ्हाइकाच्या गरजेकडून हिशेब मांडला, आणि आज कॉलेजात अर्थशास्त्र म्हणून मुख्यतः तेच शिकवतात. मुलांना दोन्ही मांडण्या एकाच विडीवर तपासता आल्या की तास झाला. कोण बरोबर, हे शिक्षकाने सांगू नये.

यात एक पथ्य आहे. वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या आया विड्या वळत असतात. 'तुझ्या घरी हजारीला किती मिळतात' असे वर्गात कधीही विचारू नये. आकडे फळ्यावरचेच घ्यावेत. विडीचा विषय शाळेत नको असे मुख्याध्यापकांना वाटले तर बेळगावच्या वडगाव-खासबागकडे मागावरच्या साडीचा आणि उद्यमबागकडे फौंड्रीतल्या कास्टिंगचा हिशेब याच रीतीने मांडता येतो. सुताचा किंवा बिडाचा भाव तेवढा बदलायचा.

दुसरा तास काळाचा. एकशे ऐंशी सेंटिमीटर सुतळी घ्यावी, एका टोकाला १८४८, आणि एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. शून्यावर कम्युनिस्ट जाहीरनामा. एकोणिसाव्या सेंटिमीटरवर 'भांडवल'चा पहिला खंड, पस्तिसाव्यावर मार्क्सचा मृत्यू, एकोणसत्तराव्यावर रशियन क्रांती, एकशे एकवर चीन, एकशे त्रेचाळीसवर सोव्हिएत संघाचे विसर्जन. रंगीत दोऱ्याच्या गाठी माराव्यात, चिठ्ठ्या गळून पडतात. मार्क्सने रशियात क्रांती केली असे मुले सर्रास लिहितात. मधली चौतीस सेंटिमीटरची रिकामी सुतळी दिसली की ही चूक बंद होते. मग विचारता येते की मार्क्सने जिथे क्रांतीची अपेक्षा धरली ते इंग्लंड-जर्मनीसारखे कारखानदारीचे देश होते, ती झाली मात्र शेतकऱ्यांच्या देशात, असे का?

या सुतळीवर आपल्याकडच्या गाठीही हव्यात, नाहीतर सगळे परदेशातले वाटते. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली तो १९१६, म्हणजे क्रांतीच्या आधीचाच सेंटिमीटर. जानेवारी १९२४ मध्ये लेनिन वारला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेस भरली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि लेनिनने त्याची दखल त्याच वर्षी लेखात घेतली. हे मुलांना आवडते, पण एवढ्यावरून टिळकांना समाजवादी ठरवू नये. तसे ठरवणारी भाषणे आपल्याकडे बरीच ऐकू येतात.

याच तासाला 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरात कशी, हे सांगून टाकावे. रशियात तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर चालत होते, ते तेरा दिवस मागे. २५ ऑक्टोबर म्हणजे आपला ७ नोव्हेंबर. फेब्रुवारी क्रांती त्याच हिशेबाने मार्चात. झार गेला तो या पहिल्या क्रांतीत. लेनिनच्या बोल्शेविकांनी सत्ता घेतली ती दुसरीत, आणि तीही झारकडून नाही, झारनंतर आलेल्या हंगामी सरकारकडून. पुस्तकात दोन्ही एका वाक्यात आल्याने लेनिनने झारला हटवले असे उत्तर येते आणि तपासणाऱ्याकडूनही त्यावर बरोबरची खूण पडते.

तिसऱ्या आणि चौथ्या तासाला रशिया आणि चीन. सगळ्यात जास्त घसरायला होते ते इथेच, कारण शिक्षक आपापल्या मताप्रमाणे आकडे उचलतात. आमचा आग्रह असा की मृत्यूंचा आकडा सांगण्याआधी माणसे कशामुळे मेली ते सांगावे. चीनच्या १९५८ नंतरच्या 'मोठ्या झेपे'साठी, म्हणजे उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या सरकारी मोहिमेसाठी, खानापूरच्या मुलांना भाताचा हिशेब पुरतो. गावात भात पिकले शंभर पोती. सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, तीस टक्के, बियाणे बारा पोती. गावाला खायला उरतात अठ्ठावन्न. आता वरून हुकूम आला की उत्पादन दुप्पट झालेच पाहिजे. शेजारच्या गावाने दुप्पट झाल्याचे कळवले, म्हणून आपल्याही गावकारभाऱ्याने दोनशे पोती कळवली. लेव्ही दोनशेवर तीस टक्के, म्हणजे साठ पोती. पिकली मात्र शंभरच. साठ गेली, बारा बियाण्याला, खायला राहिली अठ्ठावीस. पाऊस एका थेंबाने कमी न होता गाव उपाशी. प्रत्यक्षात यात आणखी भर पडली. माणसे शेतातून काढून गावठी भट्ट्यांत लोखंड वितळवायला लावली, घरच्या चुली बंद करून सामुदायिक भोजनगृहे काढली आणि सुरुवातीला तिथे धान्य हात सैल सोडून संपवले.

मग प्रश्न: कारभारी खरे का सांगत नव्हता? १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी या धोरणावर टीका केली आणि त्यांचे पद गेले. संरक्षणमंत्र्याची ही गत, तर गावच्या कारभाऱ्याची काय कथा? खोटा आकडा पकडणारे वर्तमानपत्र नाही, प्रश्न विचारणारा विरोधी पक्ष नाही, आणि गाव सोडून जायची मुभा नाही. अमर्त्य सेन यांचे म्हणणे इथे आणावे: मुक्त वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात असा दुष्काळ पडू दिला जात नाही. आणि त्यांचेच दुसरे म्हणणे लगेच जोडावे, कारण ते बहुतेक जण गाळतात. दुष्काळ नसलेल्या साध्या वर्षांत कुपोषण आणि आजारांनी भारतात चीनपेक्षा जास्त माणसे मरत राहिली, आणि त्यावर आपली वर्तमानपत्रे गप्प होती. १९४३ च्या बंगालचे वीस ते तीस लाख मृत्यू ब्रिटिश राजवटीतले, तेही फळ्यावर हवेत.

सोव्हिएत संघाचा १९३२-३३ चा दुष्काळ याच चौकटीत बसतो. शेती सक्तीने सामुदायिक केली, धान्यवसुलीचे कोटे अवास्तव ठेवले, लोक मरत असतानाही निर्यात चालू ठेवली. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामुदायिक शेतातले धान्य चोरणाऱ्याला गोळी घालण्याची किंवा दहा वर्षे कैदेत टाकण्याची सोय झाली. युक्रेन आणि कझाकस्तानात सर्वाधिक माणसे गेली. १९३७-३८ च्या दडपशाहीत सोव्हिएत दप्तराच्याच नोंदीप्रमाणे सुमारे ६ लाख ८० हजार लोकांना मृत्युदंड दिला गेला. हा आकडा नोंदींतला असल्याने पक्का आहे. चीनच्या दुष्काळाचा आकडा दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत सांगितला जातो, कारण तो मोजलेला नाही, जनगणनेतील तफावतीवरून काढलेला आहे. मुलांना 'दीड ते साडेचार कोटी' असेच लिहायला लावावे. 'साम्यवादाने दहा कोटी मारले' हा सरसकट आकडा एका फ्रेंच ग्रंथाच्या प्रस्तावनेतून पसरला आणि त्याच ग्रंथाच्या दोन लेखकांनी त्याला हरकत घेतली. तो वापरू नये. लहान आकड्यांनीही अंगावर काटा येतो.

कंबोडियाला दहा मिनिटे पुरतात. १९७५ ते १९७९, जेमतेम ऐंशी लाखांच्या देशात पंधरा ते वीस लाख मृत्यू. ही राजवट उलथवली ती शेजारच्या व्हिएतनामने, म्हणजे दुसऱ्या कम्युनिस्ट देशाने, हे आवर्जून सांगावे. १९६९ मध्ये रशिया आणि चीन सरहद्दीवर एकमेकांवर गोळ्या झाडत होते. सगळे कम्युनिस्ट देश एका माळेचे मणी ही समजूत त्याने जाते. साक्षरता, स्त्रियांना मिळालेले कायदेशीर हक्क, हिटलरविरुद्धच्या युद्धात सोव्हिएत लोकांचे सुमारे दोन कोटी सत्तर लाख बळी, पहिला अंतराळवीर गागारिन, सोव्हिएत मदतीचा भिलाईचा पोलाद कारखाना हे सगळे सांगावे, पण ज्या त्या वर्षाच्या गाठीवर. दुष्काळाच्या पारड्यासमोर गागारिनला बसवून तागडी सरळ दाखवण्याचा खेळ करू नये, आणि उलटही करू नये.

पाचवा तास भारताचा, आणि तो गिरणगावापासून सुरू करावा. १९२८ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सहा महिने चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर मेरठ कटाचा खटला झाला, त्यात डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी ही मराठी नावे आहेत. त्यांच्याबरोबर मंगळूरचे सच्चिदानंद विष्णू घाटेही होते, कानपूरच्या १९२५ च्या अधिवेशनात पक्षाचे चिटणीस झालेले. कर्नाटकातल्या मुलांना हे नाव कळलेच पाहिजे. इथे एक छान कूट आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आपली स्थापना डिसेंबर १९२५, कानपूर अशी धरतो. त्यातूनच १९६४ मध्ये फुटलेला मार्क्सवादी पक्ष ऑक्टोबर १९२०, ताश्कंद अशी धरतो. एकाच पक्षाच्या दोन जन्मतारखा का? परदेशात स्थापन झालेला पक्ष खरा की देशात उघड अधिवेशन घेतलेला, असा वाद मुले स्वतःच उभा करतात.

त्याच संपावरून जातीचा प्रश्न येतो. तो टाळणारा शिक्षक अर्धाच धडा शिकवतो. गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) धाग्याची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायला सवर्ण कामगार तयार नव्हते. वडगावच्या विणकरांच्या मुलांना धोटा आणि कांडी काय ते माहीत असते, त्यांना हे एका मिनिटात उमजते. कामगार म्हणून एक आणि माणूस म्हणून वेगळे, हा पेच डॉ. आंबेडकरांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि संपाशी त्यांचे जमले नाही. पण दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मुंबईत एक दिवसाचा संप एकत्र केला. १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारला. तिन्ही प्रसंग एकत्र सांगावेत. त्यातला एकच उचलून आंबेडकर आपल्याच बाजूचे असे सांगणारे दोन्हीकडे आहेत.

पक्षाच्या अडचणीच्या तारखा झाकू नयेत. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर पक्षाने युद्धाला 'लोकयुद्ध' म्हटले आणि १९४२ च्या चले जाव आंदोलनाला विरोध केला. १९४८ मध्ये रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र उठावाची दिशा घेतली, ती पुढे सोडावी लागली. १९६२ च्या चीन युद्धानंतर मतभेद टोकाला गेले आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला. आणीबाणीला भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पाठिंबा दिला, मार्क्सवादी पक्षाने विरोध केला. नक्षलबारीचा सशस्त्र उठाव १९६७ चा. तिथून निघालेले गट निवडणूक नाकारणारे होते, म्हणून केरळात मते मागणाऱ्या पक्षाला आणि त्यांना एकाच रंगाने रंगवू नये. केरळचे १९५७ चे नंबुद्रीपाद सरकार जगातले पहिले निवडून आलेले कम्युनिस्ट सरकार, असे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत असते. सॅन मारिनो या युरोपातल्या चिमुकल्या देशात १९४५ मध्येच कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांचे सरकार निवडून आले होते. केरळचे महत्त्व त्याने कमी होत नाही. ते सरकार ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने बरखास्त केले, हे नागरिकशास्त्राच्या राष्ट्रपती राजवटीच्या धड्याला जोडून घ्यावे.

बिदर-भालकीच्या शाळांनी निजामाच्या राज्यातला तेलंगणाचा लढा घ्यावा. निपाणी-चिक्कोडीकडे क्रांतिसिंह नाना पाटील चालतात. पत्री सरकार सगळ्यांना ठाऊक असते, पण १९५७ मध्ये ते साताऱ्यातून कम्युनिस्ट खासदार म्हणून निवडून आले हे फारसे कुणाला ठाऊक नसते. जमिनीच्या प्रश्नावर कर्नाटकाचा १९७४ चा कूळ कायदा घ्यावा. देवराज अरसांच्या काँग्रेस सरकारने तो केला. कुळाने सात नंबरचा फॉर्म भरायचा, लँड ट्रिब्युनलने निवाडा द्यायचा आणि जमीन कुळाच्या खासगी मालकीची व्हायची. रशियात शेतकऱ्याची जमीन काढून सामुदायिक केली, इथे कसणाऱ्याला मालक केले. हा फरक फळ्यावर शेजारी शेजारी मांडला की 'जमीन वाटप म्हणजे साम्यवाद' हा घोटाळा मिटतो. पण कूळ आणि मालक या दोन्ही घरांची मुले एकाच बाकावर बसलेली असतात. घरचे कागद आणायला सांगू नये.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डांगे होते, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख होते, हे इथल्या मुलांना सभांतून कानावर आलेले असते. ते सांगावे आणि पुढे जावे. सीमाप्रश्न या तासाला उघडला की उरलेला तास त्यातच जातो. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सगळ्यांचे बोलून होतेच. कन्नड माध्यमाच्या वर्गात हाच तास घ्यायचा झाला तरी यातले बहुतेक सगळे तसेच चालते.

सहावा तास लेखी. 'साम्यवाद चांगला की वाईट' हा प्रश्न देऊ नये, त्यातून शिक्षकाला काय आवडते तेवढेच मुले ओळखतात. तीन प्रश्न पुरेत. हजार विड्यांच्या हिशेबात वरकड मूल्य काढा आणि त्यावर कारखानदाराची एक आणि अर्थशास्त्रज्ञाची एक हरकत लिहा. दोनशे पोत्यांचा खोटा आकडा कोणकोणत्या टप्प्यावर पकडता आला असता? आंबेडकरांनी १९२८ मध्ये जे नाकारले आणि १९३८ मध्ये जे स्वीकारले त्यात विसंगती आहे का, कारणे द्या. तपासताना निष्कर्षाला गुण नाहीत, कारणांना आहेत, हे आधी सांगून ठेवावे. एफएच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या, उपक्रमात हे बसते, वेगळी परवानगी लागत नाही. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत मात्र सहाही तासांचा आराखडा आधी वाचून दाखवावा. तक्रार नंतर येण्यापेक्षा शंका आधी आलेली बरी.

दहावीनंतर ही मुले पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात आणि शब्दांपाशी अडतात. वरकड मूल्य, उत्पादनाची साधने, सामुदायिक शेती, हंगामी सरकार असे पंचवीसेक शब्द तिन्ही भाषांत एका तक्त्यावर लिहून भिंतीला लावावेत. खर्च एका कार्डशीटचा.

सहा तास मिळत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. डिसेंबरनंतर तर सगळे तास उजळणीत जातात, म्हणून हे पहिल्या सत्रातच उरकावे. तीनच तास मिळाले तर विडीचा हिशेब, भाताचा हिशेब आणि गिरणगाव एवढे घ्यावे. सुतळी वर्गाबाहेर मुलांकडून करून घ्यावी, कंबोडिया आणि गागारिन सोडून द्यावेत. दोनच मिळाले तर गिरणगाव ठेवून विडी आणि भात एका तासात बसवावेत, हरकतींची पंधरा मिनिटे न कापता. परीक्षेला जी वर्षे आणि नावे विचारतात ती शेवटच्या दहा मिनिटांत पाठ होतात.

आपले,
सीमाभागातील काही समाजविज्ञान शिक्षक
(बेळगाव, खानापूर, निपाणी)